एका बेटाला सहा तासिका द्या : भूगोल शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातले भूगोलाचे शिक्षक-शिक्षिका
आणि भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांचं काम पाहणारे समिती सदस्य

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

रायगड जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आता निवृत्त आहे. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. नववीच्या वर्षात एका लहानशा बेटाला सलग सहा तासिका द्या. खंडाला नको, देशाला नको, एका बेटाला. आणि ते बेट म्हणून मी ब्योर्नोयाचं नाव सुचवतो. नॉर्वेच्या भाषेतल्या या नावाचा अर्थ अस्वलाचं बेट.

हे बेट माझ्याकडे आलं ते एका मुलीमुळे. आर्क्टिकचा नकाशा फळ्यावर टांगलेला होता आणि मी नेहमीसारखा नावं वाचून दाखवत होतो : ग्रीनलंड, आइसलंड, स्पिट्सबर्गन. नॉर्वेचं उत्तर टोक आणि स्पिट्सबर्गन यांच्या मधोमध एक ठिपका आहे. त्याच्याकडे बोट करून कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, तिथं म्हावरा मिलतो का?" वर्ग हसला. मी मात्र गप्प झालो, कारण मला ठाऊक नव्हतं. अक्षांश-रेखांश मी सांगू शकलो असतो, राजधानी विचारली असती तर तीही सांगितली असती. पण दर्यावर जगणाऱ्या घरातल्या मुलीने दर्याबद्दल जो पहिला प्रश्न विचारावा, तोच माझ्या शिकवण्यात कुठे नव्हता. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला पुढची कित्येक वर्षं पुरली, आणि शोधता शोधता माझ्या लक्षात आलं की पुस्तकातले जवळजवळ सगळे धडे या एका ठिपक्यावर एकमेकांना येऊन भेटतात.

बेट केवढं, ते आधी सांगतो. क्षेत्रफळ १७८ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. आकार त्रिकोणी, निमुळतं टोक दक्षिणेला. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे २० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १५. स्थान ७४ अंश ३० मिनिटं उत्तर अक्षांश, १९ अंश पूर्व रेखांश. नॉर्वेचा मुख्य किनारा दक्षिणेला सुमारे ४०० किलोमीटरवर, स्पिट्सबर्गन उत्तरेला सुमारे २३५ किलोमीटरवर. साधारण २ मे ते ११ ऑगस्ट सूर्य मावळत नाही आणि ८ नोव्हेंबर ते ३ फेब्रुवारी तो उगवत नाही. इतक्या उत्तरेला असूनही बेटावर एकही हिमनदी नाही. ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं चमकतात, आणि तिथूनच खरा धडा सुरू होतो.

तैमिर द्वीपकल्पात, सायबेरियात, याच अक्षवृत्ताच्या आसपास जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीस अंशांच्या घरात असतं. ब्योर्नोयावर १९६१ ते १९९० या तीस वर्षांतली जानेवारीची सरासरी होती उणे आठ. जुलै-ऑगस्टची सरासरी चार-साडेचार अंश. म्हणजे उन्हाळाही थंड आणि हिवाळाही सौम्य. अक्षांश वाढला की तापमान घटतं, हे वाक्य आपण पाचवीपासून घोकून घेतो. हे बेट ते वाक्य थांबवून विचारायला लावतं, की मग इथे काय झालं?

इथे पाणी आलं. अटलांटिक महासागराचं कोमट, खारट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला चढत येतं आणि ब्योर्नोयाच्या दक्षिणेला त्याच्या दोन वाटा होतात. एक फाटा पूर्वेला बॅरेंट्स समुद्रात शिरतो, दुसरा तसाच उत्तरेला स्पिट्सबर्गनच्या पश्चिम किनाऱ्याने जातो. उलट बाजूने, ईशान्येकडून, थंड आणि कमी खारट पाण्याचा प्रवाह खाली येतो. त्याला या बेटाचंच नाव आहे. दोन्ही पाणी बेटाच्या अंगाखांद्यावर एकमेकांना भिडतात. समुद्रात ही सीमा डोळ्यांना आखलेली दिसत नाही, पण तापमापी पाण्यात सोडली की थोड्याशा अंतरात पारा झरझर उतरतो. उन्हाळ्यात कोमट ओलसर हवा थंड पाण्यावर आली की धुकं पडतं. ऐन जुलैत, सूर्य चोवीस तास डोक्यावर असताना, खलाश्याला बेट दिसत नाही. उष्ण आणि थंड प्रवाह भेटले की धुकं आणि मासे, याचं उदाहरण म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या न्यू फाउंडलंडचंच नाव देत आलो आहोत. ते चूक नाही. पण एकच उदाहरण वर्षानुवर्षं दिलं की मुलं नियम शिकत नाहीत, त्या गावाचं नाव शिकतात.

आता म्हावऱ्याचं उत्तर. बेटाच्या पश्चिमेला समुद्राचा तळ खोल दरीत उतरतो आणि पूर्वेला बॅरेंट्स समुद्राचा उथळ पसारा लागतो, त्याची सरासरी खोली दोनशे-सव्वादोनशे मीटरच आहे. बेटापासून ईशान्येला एक मोठा उथळ पाणपट्टा पसरला आहे, त्यात काही ठिकाणी पाणी पन्नास मीटरहूनही कमी. उथळ पाणी वाऱ्याने आणि भरती-ओहोटीने ढवळलं जातं, तळाची पोषकद्रव्यं वर येतात, वसंतात उजेड मिळाला की सूक्ष्म वनस्पती फोफावतात. त्या खायला तांदळाच्या दाण्याहून लहान कवचधारी प्राणी येतात. त्यांच्यावर कॅपेलिन नावाचा बोटभर मासा जगतो. आपल्या दर्यात तारली जे काम करते, तेच तिथे कॅपेलिन करते : सगळ्यांचं पोट तिच्यावर. कॅपेलिनवर कॉड नावाचा मोठा मासा जगतो, आणि बॅरेंट्स समुद्रातला कॉडचा साठा हा जगातला सर्वांत मोठा. तेव्हा होय, तिथे म्हावरा मिळतो. भरपूर मिळतो. फक्त हे "होय" सांगायला प्रवाह, तळाची उंचसखलता, ऋतू आणि अन्नसाखळी असे चार धडे लागले.

त्या म्हावऱ्यावर माणसाच्या आधीपासून कुणी हक्क सांगितला असेल तर तो पक्ष्यांनी. या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण वर्गात याच ठिकाणी मुलांच्या वह्या बंद होतात आणि डोळे उघडतात.

बेटाचा उत्तरेकडचा भाग सपाट आहे. तीस-चाळीस मीटर उंचीचं ओसाड, दगडाळ माळरान, त्यावर सहाशेहून अधिक उथळ तळी. वरून पाहिलं तर कुणी आरशाचे तुकडे विखुरलेत असं वाटावं. दक्षिणेकडे मात्र डोंगर उठतात आणि थेट समुद्रात कोसळतात. सह्याद्रीच्या कोकणकड्याची सवय असलेल्या मुलांना कडा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फक्त पायथ्याला दरीऐवजी खवळलेला समुद्र आहे असं सांगायचं. तिथल्या एका डोंगराचं नाव फुग्लेफ्येलेट, पक्ष्यांचा डोंगर. त्याची उंची चारशे मीटरच्या वर. या कड्यांवर उन्हाळ्यात दहा लाखांहून जास्त समुद्रपक्षी येतात. उत्तर गोलार्धातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक.

यातला मुख्य रहिवासी गिलेमॉट. काळी पाठ, पांढरं पोट, ताठ उभा राहणारा. तो घरटं बांधत नाही. कड्याच्या वीतभर खाचेत, उघड्या दगडावर, मादी एकच अंडं घालते. अंडं एका बाजूला चांगलंच निमुळतं, आणि प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग आणि ठिपके वेगळे, त्यामुळे हजारोंच्या गर्दीतही ज्याचं त्याला ओळखू येतं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की, उडता येत नसतानाच, कड्यावरून खाली झेप घेतं. खाली समुद्रात बाप हाका मारत असतो. तिथून पुढचे कित्येक आठवडे बाप त्या पिल्लाला घेऊन भर समुद्रात पोहत राहतो, त्याला भरवतो, बुडी मारायला शिकवतो. हे सांगताना एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, माझा बाबापण मला असाच पहिल्यांदा होडीतून ढकलला होता." त्या दिवशी भूगोलाचा तास आहे हे कुणाला आठवलं नाही.

आणि मग १९८७ सांगायचं. १९८०च्या दशकाच्या मध्यात बॅरेंट्स समुद्रातली कॅपेलिन कोसळली. हेरिंग माशाच्या पोरांनी तिची अंड्यांतून निघालेली पिलं खाल्ली, मोठ्या कॉडने ती खाल्ली, माणसाची जाळी होतीच. १९८६चा उन्हाळा संपला तेव्हा कड्यांवर साध्या गिलेमॉटची प्रचंड वस्ती होती. पुढच्या उन्हाळ्यात पक्षी मोजणारे आले तेव्हा त्यातले सुमारे ८५ टक्के परत आलेच नव्हते. एका हिवाळ्यात. त्याच कड्यावर त्याचा सख्खा चुलता, ब्रुनिकचा गिलेमॉट, राहतो. त्याचं नुकसान पुष्कळ कमी झालं, कारण त्याचं पोट एकट्या कॅपेलिनवर अवलंबून नव्हतं. साध्या गिलेमॉटची संख्या नंतर हळूहळू वाढत गेली, पण वर्षाला एक अंडं घालणाऱ्या जातीला असा फटका भरून काढायला दशकं लागतात. परिसंस्था या शब्दाची व्याख्या मी त्यानंतर कधी फळ्यावर लिहिली नाही. हे दोन पक्षी एकाच कड्यावर राहतात, एकाला काय झालं आणि दुसऱ्याला का नाही, एवढंच विचारलं की मुलं व्याख्या स्वतः तयार करतात.

दुसरी गोष्ट तळ्याची. तीही अशीच विचारायची.

बेटाच्या दक्षिण भागात एल्लाशयेन नावाचं तळं आहे. आसपास कारखाना नाही, शेत नाही, रस्ता नाही. बेटावर माणसं किती, तर हवामान केंद्रातली नऊ, आणि तीही उत्तर किनाऱ्यावर. तरी या तळ्यातल्या ‘आर्क्टिक चार’ (char) नावाच्या माशाच्या अंगात आणि तळाच्या गाळात पीसीबी या विषारी, लवकर न विरणाऱ्या रसायनाचं प्रमाण इतकं निघालं, की शास्त्रज्ञांनी ते आर्क्टिकमधल्या सर्वांत दूषित तळ्यांच्या यादीत घातलं. त्याच बेटावर उत्तरेला काही किलोमीटरवर ओयांगेन नावाचं दुसरं तळं आहे, तिथे हे प्रमाण कितीतरी पटींनी कमी. एकच बेट, एकच वारा, एकच पाऊस. मग फरक कशाने?

उत्तर पक्ष्यांत आहे. समुद्रात विष फार विरळ असतं, पण लहान प्राण्यातून माशात, माशातून पक्ष्यात जाताना ते साठत जातं, दाट होत जातं. समुद्रात पोट भरून आलेले पक्षी एल्लाशयेनवर विसावतात, आंघोळ करतात, शिटतात. समुद्रभर विखुरलेलं विष असं रोज थोडं थोडं एका तळ्यात जमा होतं. अन्नसाखळीच्या टोकावर असलेला ग्लॉकस गल नावाचा मोठा कुरव दुसऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो, त्याच्या शरीरात हे सगळ्यांत जास्त. १९७०च्या दशकापासून या बेटावर विषाने भरलेले असे मेलेले कुरव सापडत आले आहेत.

आणि समुद्रात तरी ते कुठून आलं? दक्षिणेकडच्या उष्ण आणि गजबजलेल्या मुलखांतून. ही द्रव्यं उष्ण हवेत बाष्प होऊन उडतात, वाऱ्याबरोबर जातात, थंडीत खाली बसतात, पुन्हा उडतात, पुन्हा बसतात, असं टप्पे घेत ध्रुवाकडे सरकतात. पीसीबी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचं. डीडीटी त्याच कुळातलं दीर्घायुषी रसायन, आणि ते आपल्याच जिल्ह्यात, रसायनीला, बनत असे. मलेरियाविरुद्ध त्याने पुष्कळ जीव वाचवले, हेही मुलांना सांगितलं पाहिजे. रसायनीचा कण ब्योर्नोयाच्या तळ्यात गेला असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण अशा कणाला तिथे पोहोचायला पासपोर्ट लागत नाही, हे नववीतल्या मुलाला कळलं की अशा रसायनांना आळा घालणारा २००१चा स्टॉकहोम करार त्याला पाठ करावा लागत नाही. भारताने २००६ साली तो का स्वीकारला, हे तो स्वतः सांगतो.

खडकांबद्दल थोडक्यात. बेटाच्या ईशान्येला टुनहाइम नावाची कोळशाची वस्ती होती, १९१६ ते १९२५. कोळसा परवडला नाही, वस्ती उठली, रुळांवरचं वाफेचं इंजिन गंजत तिथेच राहिलं. पण तो कोळसा विलक्षण आहे. तो सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा, जगातल्या सर्वांत जुन्या कोळशांपैकी एक, म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या कोळशाहूनही काही कोटी वर्षांनी म्हातारा. पृथ्वीवर पहिली जंगलं उभी राहत होती तेव्हाचा. आर्किओप्टेरिस नावाच्या आद्य वृक्षाचे ठसे या बेटाच्या खडकांत मिळाले आहेत. त्या काळी ही जमीन विषुववृत्ताच्या आसपास होती. आज तिथे झाड नाही, गुडघ्याएवढं झुडूपही नाही. भूखंड सरकतात हे मुलांनी माझ्या सांगण्यावर मानावं असं मला कधीच वाटलं नाही. बर्फाळ वाऱ्यात उघड्या पडलेल्या कोळशाच्या थरावर त्यांनी ते मानावं.

नावांतही भूगोल आहे. १० जून १५९६ रोजी डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स आणि त्याचे सोबती या बेटाला लागले. दोन दिवसांनी त्यांची एका पांढऱ्या अस्वलाशी पाण्यात झटापट झाली, ती कित्येक घटका चालली, आणि बेटाला नाव पडलं. पुढे १६०३-०४पासून इंग्रज जहाजं आली. त्यांनी दात आणि चरबीसाठी वॉलरसची एवढी कत्तल केली की थोड्याच वर्षांत शिकारी इथून उठून स्पिट्सबर्गनकडे गेले. अस्वल हा प्राणी इथे हिवाळी समुद्रबर्फावरून चालत यायचा. आता बर्फ बेटापर्यंत पूर्वीसारखा येत नाही आणि अस्वलंही क्वचितच दिसतात. आग्नेयेला बेटाचा सर्वांत उंच डोंगर आहे, मिझरीफ्येलेट, ५३६ मीटर. मिझरी हा इंग्रजी शब्द, अर्थ हालअपेष्टा. त्याच्या तीन शिखरांना मात्र नॉर्डिक पुराणातल्या तीन नियतीदेवतांची नावं आहेत, उर्द, वेर्दांदे आणि स्कुल्द. एकाच डोंगरावर इंग्रज खलाश्यांचा वैताग आणि नॉर्वेची देवकथा शेजारी शेजारी नांदतात. नकाशावरची नावं कोण देतं, हा प्रश्न मुलांना यावरून विचारता येतो, आणि तो विचारलाच पाहिजे.

आता आपला संबंध. तो ओढून-ताणून आणलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत हे बेट कुणाचंच नव्हतं. १८९८-९९च्या सुमाराला थिओडोर लेर्नर नावाच्या एका जर्मनाने तिथल्या जमिनीवर हक्क सांगून पाहिला, तो टिकला नाही. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसला करार झाला आणि स्वालबार्डवर, म्हणजे स्पिट्सबर्गन आणि ब्योर्नोया ज्यात येतात त्या द्वीपसमूहावर, नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं. कराराच्या पहिल्याच कलमात ब्योर्नोयाचा नावानिशी उल्लेख आहे. त्या करारावर भारताच्या वतीनेही सही झाली. सही ब्रिटिश प्रतिनिधीची, कारण आपण तेव्हा गुलाम होतो. पण भारताचं नाव आलं आणि ते आजही आहे. कराराप्रमाणे सही केलेल्या सगळ्या देशांच्या नागरिकांना तिथल्या किनारी पाण्यात मासेमारीचा सारखा हक्क आहे, आणि नॉर्वेचे संवर्धनाचे नियमही सगळ्यांना सारखेच लागू आहेत. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका आंतरराष्ट्रीय करारात लिहून ठेवलेलं आहे, हे मला कळलं तेव्हा ती शाळा सोडून गेली होती. याची मला आजही चुटपुट आहे.

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्याचं आर्क्टिकमधलं ठाणं हिमाद्री. ते १ जुलै २००८पासून स्पिट्सबर्गनवर न्यू-ओलेसुंड इथे सुरू आहे. २०१४ साली तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे अरुंद खोल खाडीत, आपल्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली इंडआर्क नावाची मोजणी यंत्रणा सोडली. ब्योर्नोयाच्या अंगावरून उत्तरेला गेलेला कोमट पाण्याचा फाटा त्याच किनाऱ्याने जातो. न्यू-ओलेसुंड चालवणारी नॉर्वेची जी सरकारी कंपनी आहे, तिच्याच हाताखाली ब्योर्नोयाची जमीन सांभाळणारी कंपनी आहे. दोन्ही जागा मुळात कोळशाच्या. म्हणजे आपल्या पोरांनी दहावीत ब्राझील आणि भारत शेजारी ठेवून अभ्यासावेत, जसे २०१८पासून अभ्यासतात, ते उत्तमच; पण जिथे आपली माणसं बारा महिने काम करतात त्या समुद्राचं एक बेट तरी त्यांनी पुरतं ओळखावं, ही अपेक्षा मोठी नाही.

समितीतल्या मित्रांनो, तुम्ही म्हणाल अभ्यासक्रम आधीच भरला आहे. मला ठाऊक आहे, मी तो एकतीस वर्षं ओढला आहे. म्हणूनच मी नवा धडा वाढवा असं म्हणत नाही. प्रवाह, अक्षांश, खडक, प्रदूषण, करार, नामकरण, यांची सुटी सुटी उदाहरणं देशोदेशींहून आणतो, ती एका जागेवरून आणा. पानं उलट कमी होतील.

एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं की आपल्या समोर खांदेरी-उंदेरी असताना एवढ्या लांब कशाला जायचं. प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचं उत्तर करून पाहिलं आहे. खांदेरीपासून सुरुवात केली की मुलं म्हणतात, ते आम्हाला माहीत आहे. वेताळाचं देऊळ, किल्ला, जत्रा, झालं. ब्योर्नोया करून आल्यावर त्याच मुलांना मी खांदेरीला नेलं, तेव्हा त्यांनी विचारलं की इथला प्रवाह कुठल्या बाजूचा, पक्षी कुठे बसतात, खडक कुठला, गोडं पाणी कुठून येतं. लांबचं बेट पाहून जवळचं बेट दिसू लागलं. आधी दूरचं आणि मग जवळचं, हा क्रम मी मुद्दाम सुचवतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुस्तक बदलायची वाट पाहू नका. तुमच्याजवळ यंदाच सहा तासिका आहेत, परीक्षा संपल्यावरच्या का होईनात. धुक्यापासून सुरू करा, कारण धुकं मुलांनी पाहिलेलं असतं. गिलेमॉटचं पिल्लू उडी मारतं तिथे तास संपवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणी गैरहजर राहत नाही. मे २००९मध्ये एक रशियन मालवाहू जहाज याच बेटाच्या दक्षिणेला, पक्ष्यांच्या कड्यांपाशी, खडकावर चढलं आणि तेल सांडलं. तो भाग तेव्हा सात वर्षं राखीव होता, २००२पासून. नकाशावर राखीव असं लिहिल्याने समुद्र थांबतो का, यावर मुलांना वाद घालू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. हवामान केंद्रातल्या नऊ माणसांची गोष्ट सांगा : पाळ्या लावून महिनोन्‌महिने तिथे राहायचं, हवेत फुगे सोडायचे, आकडे पाठवायचे. ज्या घरात मोबाइलवर "दर्यात जाऊ नका" असा इशारा येतो, त्या घरातल्या मुलाला त्या आकड्यांची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आणि वास्कोच्या केंद्राला पत्र लिहा. हिमाद्रीला जाऊन आलेला एखादा शास्त्रज्ञ पडद्यावर तासभर तुमच्या मुलांशी बोलला, तर ती मुलं तो तास विसरणार नाहीत.

मी बेटाचा एक नकाशा हाताने काढला आहे. एका सेंटीमीटरला अर्धा किलोमीटर धरलं की वीस किलोमीटरचं बेट चाळीस सेंटीमीटरांत येतं, म्हणजे साध्या कार्डशीटवर मावतं. तळी निळी, कोळशाची खाण काळी, कडे तपकिरी, पक्ष्यांच्या जागा पिवळ्या. एल्लाशयेन मी रंगवलेलं नाही, ते मुलांनी ठरवावं. बाजूच्या कोऱ्या समुद्रात प्रवाहांचे बाणही काढलेले नाहीत, त्याच कारणाने. ज्या शाळेला हवा असेल तिने मला कळवावं, मी झेरॉक्स काढून टपालाने पाठवीन. तालुक्याच्या शिक्षक मंडळाकडे माझा पत्ता आहे.

आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक
अलिबाग तालुका